बीं आणि कलम

मराठी भाषेंत ‘कलम’ हा शब्द तीन कामें करतो. लेखणी ती कलम, कायद्यांतला परिच्छेद तें कलम, आणि एका झाडावर दुसऱ्या झाडाची फांदी बसवून तयार केलेलें आंब्याचें झाड तेंहि कलमच. पहिल्या दोहोंचा संबंध उघड आहे. तिसऱ्याचा मात्र थोडा शोध घ्यावा लागतो. ग्रीक भाषेंत ‘कालामोस’ म्हणजे बोरू. हाच शब्द अरबींत ‘कलम’ झाला व फारसीच्या वाटेनें आपल्या दफ्तरखान्यांत आला. बोरू तिरका छाटला कीं त्याची लेखणी होते. ह्या छाटण्यावरूनच फारसींत ‘कलम करणें’ म्हणजे कापणें असा अर्थ रूढ झाला. ‘शिर कलम केलें’ असें आपणहि म्हणतोंच. तेव्हां छाटलेला बोरू आणि छाटलेली फांदी यांस एकच नांव मिळावें यांत नवल नाहीं. नवल आहे तें पुढेंच. छाटलेलें शिर पुन्हां धडावर बसत नाहीं. छाटलेली फांदी मात्र परक्या खोडावर बसते, किंवा नुसत्या ओल्या मातींत खोंचली तरी जीव धरते.

जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. संस्कृतांतहि ‘कलम’ आहे, पण तो एका जातीच्या भाताचा वाचक. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत, रघूनें उखडून पुन्हां गादीवर बसविलेल्या राजांस कालिदासानें ह्याच भाताची उपमा दिली आहे. कारण हें भात एकदां उपटून दुसरीकडे लावावें लागतें. अरबी कलमाशीं ह्या कलमाचें नातें जोडण्याचा मोह आवरलेला बरा. नुसत्या ध्वनिसाम्यावर इतिहास उभारण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ झाली आहे, आणि पुढें हापूस आंब्याच्या नांवाचा विचार करतांना तिचें एक उदाहरण येणारच आहे.

घरच्या परसांत झाडें वाढविण्याच्या आपल्या रीती वरवर अनेक दिसतात. झेंडू, गुलबाक्षी, तुळस हीं बियांनीं येतात, जास्वंद, डाळिंब, द्राक्ष हीं फांदीनें, मोगरा वांकवून मातींत दाबलेल्या फांदीनें, शेवंती बुडख्याशेजारीं फुटणाऱ्या काश्यांनीं, केळ मुनव्यांनीं, हळद, आलें, सुरण बेण्यानें. परंतु नीट पाहिलें तर ह्या रीती मुळांत दोनच आहेत. एक बीं पेरण्याची आणि दुसरी झाडाचा तुकडा लावण्याची. बियाला बहुधा आई व बाप दोन्ही असतात; त्यापासून होणारें झाड हें अपत्य होय, आणि अपत्य कोणावर जाईल हें जन्मण्यापूर्वीं कोणी सांगावें? फांदी, कांडें किंवा कंद लावून आलेलें झाड हें अपत्य नव्हे. तें मूळ झाडच होय, जागा बदलून पुन्हां उभें राहिलेलें. ह्या दोन रीतींपैकीं माणसानें कोणती कोठें पत्करली, ह्यावर त्याच्या अन्नाचा व बागांचा बराच इतिहास अवलंबून राहिला आहे. आणि आपल्या कोंकण-गोव्याच्या आंब्यांत तो विशेष स्पष्ट वाचतां येतो.

हा भेद आपल्या पूर्वजांच्या ध्यानांत फार लवकर आला होता. त्याचा अतिशय व्यवस्थित पुरावा शेतकीच्या ग्रंथांत नसून बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांत सांपडतो, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. वाढत्या वनस्पतीला इजा करणें हा पाली विनयपिटकांत भिक्षूचा दोष मानला आहे. आतां वाढती वनस्पति म्हणजे काय, हें ठरवावयाचें तर काय काय रुजतें तें सांगणें भाग पडलें. आणि म्हणून त्या नियमाच्या विवरणांत बीजांचे पांच प्रकार दिले आहेत. मूलबीज म्हणजे हळद, आलें, वेखंड, वाळा यांसारखीं मुळांपासून किंवा कंदांपासून होणारीं. स्कंधबीज म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांसारखीं खोडापासून होणारीं. पेऱ्यांपासून होणारीं तीं ऊस, वेळू आणि नळ. अग्रबीज म्हणजे शेंड्यापासून येणारीं सुगंधी झुडपें. आणि शेवटीं बीजबीज, म्हणजे धान्यें व कडधान्यें. बीं हें येथें बीजाच्या पांच प्रकारांपैकीं एक आहे, आणि तेंहि शेवटचें! जें तुटलें तरी पुन्हां रुजूं शकतें त्यांत जीव आहे, असा ह्या वर्गीकरणाचा अर्थ. त्यामुळेंच रुजूं शकणारें बीं ज्यांत आहे असें फळ भिक्षूनें खावयाचें तर त्याला आधीं अग्नीचा, सुरीचा किंवा नखाचा स्पर्श करून तें ग्राह्य करून घ्यावें, असाहि नियम झाला. माळ्याचें ज्ञान धर्मशास्त्राच्या दारांतून असें आंत आलें.

कौटिलीय अर्थशास्त्राची दृष्टि निराळी. तेथें पापपुण्याचा प्रश्न नाहीं, उत्पन्नाचा आहे. सीताध्यक्ष म्हणजे सरकारी शेतीचा अधिकारी. त्यानें धान्याचें बीं पेरण्यापूर्वीं तें कांहीं रात्रीं दंवांत व दिवसां उन्हांत ठेवावें. उसासारख्या कांड्यांच्या तोंडास मध, तूप व डुकराची चरबी शेणांत कालवून लावावी. कंदांस मध-तूप लावावें. सरकीसारख्या कठीण बियांस शेण चोळावें, अशा सूचना तेथें आहेत. कापलेल्या तोंडास लेप लावण्याचा हेतु उघड आहे: ओल आंत राहावी आणि कीड बाहेर. झाडांस योग्य वेळीं खत घालण्यास त्या ग्रंथांत ‘दौहृद’ म्हटलें आहे. हा आपल्या ‘डोहाळे’ शब्दाचा पूर्वज. झाडाला डोहाळे लागतात व ते पुरवावे लागतात, ही कल्पना कवींची म्हणून आपण वाचतों. पण ती रुक्ष अर्थशास्त्रांतहि आहे.

सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा एक स्वतंत्र अध्याय घातला. फांदी लावून येणाऱ्या झाडांची त्याची यादी मोठी बोधक आहे: फणस, अशोक, केळ, जांभूळ, लकुच, डाळिंब, द्राक्ष, पालीवत, महाळुंग आणि अतिमुक्तक. फांदीला शेण लावून ती रोवावी, असें तो सांगतो. ह्यांपैकीं डाळिंब, द्राक्ष व महाळुंग यांविषयीं कोणताहि माळी मान डोलावील. केळीला मुळीं फांदीच नसते. आणि फणस व जांभूळ फांदीनें लावण्याचा प्रयत्न ज्यानें केला असेल तो आचार्यांस कांहीं प्रश्न विचारूं इच्छील. तोडलेल्या मुळावर किंवा खोडावर रोवण्याचेंहि तो सांगतो, व ह्या वचनाचा अर्थ एका झाडावर दुसरें बसविणें, म्हणजेच कलम बांधणें, असा केला जातो. तो अर्थ बरोबर असेल तर कलमाची विद्या आपल्याकडे निदान चौदाशें वर्षांची ठरते. मात्र वराहमिहिराच्या यादींत एक नांव नाहीं, आणि त्याची अनुपस्थिति मला ह्या साऱ्या अध्यायाहून अधिक बोलकी वाटते. तें नांव आंब्याचें.

ग्रंथांतून लिहिलेली ही विद्या घराघरांतून न लिहितांच चालत आली. पावसाळ्याच्या आरंभीं शेजारणीच्या कुंपणांतली जास्वंदीची फांदी मागून आणावी. ती फार कोंवळी नसावी व फार जून नसावी. बोटाएवढी जाड, वीत-दीड वीत लांब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खालीं, तिरका. खालचीं पानें काढून टाकावीं, शेंड्याचीं एक-दोन ठेवावीं. अर्ध्याहून अधिक भाग मातींत घालून सावलींत ठेवावी व हलवूं नये. ह्यांतल्या प्रत्येक सूचनेस कारण आहे. पानांतून पाणी उडून जातें आणि तें भरून काढावयास मुळें अद्यापि नसतात, म्हणून पानें कमी करावयाचीं व ऊन टाळावयाचें. डोळ्याजवळ वाढीचीं द्रव्यें अधिक, म्हणून काप तेथें. सालीखालीं कागदासारखा पातळ असा एक जिवंत थर असतो. तेथून नवीं मुळें फुटतात, आणि फांदी हालली तर तीं कोंवळीं मुळें तुटतात. ‘आतां रुजली कीं नाहीं’ म्हणून दर दोन दिवसांनीं उपटून पाहणारीं मुलें प्रत्येक घरांत असतात. त्यांची जास्वंद कधींच लागत नाहीं.

ह्या देवघेवीचा एक नमुना आजहि महाराष्ट्रांत शहरोशहरीं पाहावयास मिळतो. ज्याला आपण घरीं ब्रह्मकमळ म्हणतों तें हिमालयांतलें ब्रह्मकमळ नव्हे. तें मेक्सिको व मध्य अमेरिका यांकडील एक निवडुंग आहे. त्याचें जें पान आपण कुंडींत खोंचतों तें पान नसून चपटें झालेलें खोड आहे. कोणी तें रोपवाटिकेंतून विकत आणलें असें क्वचित्‌च ऐकूं येतें. एका घरीं रात्रीं फूल उमलतें, शेजारीं-पाजारीं बोलावून तें दाखविलें जातें, आणि जातांना दोघी-तिघी एकेक ‘पान’ घेऊन जातात. त्याला आपल्याकडे फळ क्वचित्‌च धरतें. तेव्हां पुण्याच्या, नागपूरच्या व बेळगांवच्या गॅलऱ्यांतून एकाच रात्रीं उमलणारीं हीं फुलें बहुधा थोड्याच मूळ झाडांचीं आहेत. हातोहात आलेल्या अशा झाडाची वंशावळ कोणी लिहून ठेवीत नाहीं. पण ‘हें अमक्या मावशींच्या घरचें’ एवढें मात्र प्रत्येकीस ठाऊक असतें.

परसांतल्या ह्या देवघेवीला आंब्यापाशीं येऊन थांबावें लागे. आंब्याची फांदी नुसती मातींत खोंचून सहजीं लागत नाहीं. म्हणून शतकानुशतकें आंबा कोयीनेंच वाढला. आणि कोयीचा आंबा म्हणजे दैवाचा खेळ. मलबारच्या किनाऱ्याकडे कांहीं जाती अशा आहेत कीं, त्यांच्या एका कोयींतून अनेक रोपें निघतात व त्यांतलीं बहुतेक हुबेहूब आईसारखीं असतात. पण आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयींतून एकच रोप येतें, आणि तें मिश्र संततीचें. उत्तम आंब्याची कोय पेरावी, आठ-दहा वर्षें वाट पाहावी, आणि फळ लागावें तें आंबट व दोऱ्यांनीं भरलेलें! उलट, उकिरड्यावर टाकलेल्या कोयीपासून अमृत निपजावें. ह्या साऱ्या आंब्यांस आपण रायवळ म्हणतों. शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या, शेप्या हीं त्यांचीं नांवें पाहा. रंग, चव, वास यांवरून एकेका झाडाला पडलेलीं हीं टोपण नांवें आहेत. शेंदऱ्या मेला कीं तो शेंदऱ्या संपला. दुसऱ्या गांवचा शेंदऱ्या म्हणजे दुसरेंच झाड. रायवळाचें नांव झाडाबरोबर जातें.

आतां गोव्याकडे वळूं. पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें तें १५१० सालीं. पुढें १५६३ त गोव्यांतच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत गार्सिया द ओर्टा ह्या वैद्यानें आंब्याचें कौतुक केलें आहे. मुंबईचें बेट ह्या गृहस्थाकडे भाडेपट्ट्यानें होतें, आणि तेथल्या आपल्या एका झाडाला वर्षांतून दोनदां फळ येतें असें तो अभिमानानें सांगतो. परंतु आंब्यांची प्रतवारी लावतांना तो प्रांतांचीं नांवें घेतो: ओर्मुझचे कसे, गुजराथचे कसे, घाटावरचे कसे. त्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी लिहितो. मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणींत शिवाजी महाराजांशीं आपलें बोलणें झाल्याचें जो सांगतो, तोच हा मनुची. सर्वांत उत्तम आंबे गोव्याच्या बेटांत होतात, असें म्हणून तो त्यांचीं नांवें देतो: निकोलाव अफोंसोचा, कारेइरा पांढरा, कारेइरा तांबडा, कोंद म्हणजे सरदाराचा, जुआंव पारेइराचा, आणि असेंच आणखी कांहीं.

ह्या दोन लेखांतलें अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्यानें थांबून पाहण्यासारखें आहे. ओर्टाच्या वेळीं आंबा प्रांताचा होता. मनुचीच्या वेळीं तो माणसाचा झाला. एखाद्या आंब्याला ‘अफोंसोचा’ असें नांव पडून तें परक्या प्रवाशाच्या कानीं जाण्याइतकें प्रसिद्ध व्हावयाचें, तर तो आंबा एका झाडापुरता राहून चालणार नाहीं. तेंच फळ अनेक बागांतून मिळालें पाहिजे. कोयीनें हें होणें नाहीं. म्हणजे ह्या दीडशें वर्षांच्या अवधींत गोव्यांत आंब्याची कलमें बांधण्याची रीत चांगली रूढ झाली होती, असें अनुमान निघतें. तिचें श्रेय सामान्यतः तेथल्या ख्रिस्ती धर्मगुरूंस, विशेषतः जेझुइटांस, दिलें जातें व तें असंभाव्य नाहीं. युरोपांत सफरचंद व नासपती यांचीहि गत आंब्यासारखीच आहे. बियानें लावलीं तर तीं मूळच्यासारखीं येत नाहींत. त्यामुळें तेथें कलमें बांधण्याची विद्या रोमन काळापासून घरोघरची होती. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतल्या केटोच्या शेतीवरील ग्रंथांत तिचें वर्णन आहे. मात्र ‘कलम हें पोर्तुगीजांनीं हिंदुस्थानांत आणलें’ हें सरसकट विधान टिकणारें नाहीं. वराहमिहिराचा उल्लेख वर आलाच आहे. शिवाय काबूलहून आणलेल्या चेरीच्या झाडाचा प्रसार अकबराच्या काळीं काश्मिरांत महंमद कुली अफशार ह्या बागांच्या अधिकाऱ्यानें कलमांनीं केला, असें जहांगीर आपल्या आत्मचरित्रांत नमूद करतो. विद्या होती, आंब्यावर ती चिकाटीनें चालविण्याचें काम गोव्यांत झालें, एवढेंच म्हणणें सुरक्षित.

आतां नांवाविषयीं. ‘हापूस’ हें ‘अफोंसो’चें रूप, हें सर्वमान्य आहे. त्यावरून हा आंबा गोवें जिंकणाऱ्या अफोंसो द आल्बुकर्कनें आणला किंवा त्याच्या स्मरणार्थ त्याला नांव दिलें, असें आपल्याकडे मोठ्या खात्रीनें सांगितलें जातें. आल्बुकर्क १५१५ सालींच वारला. त्याचें आयुष्य लढायांत व गलबतांवर गेलें, आणि ओर्टानें त्याच्यानंतर अर्ध्या शतकानें लिहिलें तरी त्याच्या वर्णनांत आंबे प्रांतांच्याच नांवानें येतात. उलट, मनुचीच्या यादींत ‘निकोलाव अफोंसो’ असें सरळ नांव-आडनांव दिलेलें आहे, आणि त्याच्या शेजारीं पारेइरासारखीं दुसरीं साधीं आडनांवें आहेत. तेव्हां हापुसाचा अफोंसो हा कोणी राज्यपाल नसून परसांत एक चांगलें झाड असलेला एखादा सामान्य गृहस्थ असावा, असें मानणेंच मला अधिक सयुक्तिक वाटतें. त्याच्याविषयीं दुसरें कांहीं कळत नाहीं. पण रायवळाचें नांव झाडाबरोबर जातें, आणि कलमाचें नांव मालकाच्या मागें शतकानुशतकें चालतें.

ज्या रीतीनें हें साधलें तिला आपण ‘भेट कलम’ म्हणतों, आणि ह्याहून सुंदर नांव मला कोणत्याहि भाषेंत आढळलें नाहीं. रायवळाच्या कोयीचें वर्षा-दीड वर्षाचें रोप कुंडींत तयार करावयाचें. ती कुंडी हापुसाच्या झाडाजवळ, जरूर तर माच बांधून त्यावर, अशी ठेवावयाची कीं रोप आणि झाडाची तितक्याच जाडीची एक फांदी सहज एकमेकांस टेकावीं. दोहोंचीहि दीड-दोन इंच लांब साल थोड्या लांकडासकट काढून, उघडीं झालेलीं अंगें जुळवून घट्ट बांधावयाचीं. दोघांनाहि आपापल्या मुळांचें पाणी मिळत असतें. कोणी उपाशी नसतें. दोन-तीन महिन्यांत ते दोन पातळ जिवंत थर एक होतात. मग सांध्याच्या वर रोपाचा शेंडा आणि सांध्याच्या खालीं हापुसाची फांदी हळूहळू कापीत न्यावयाची. शेवटीं खालीं रायवळ आणि वर हापूस असें एक झाड उरतें. हापूस हापूस म्हणून आपण ज्याची एवढी वाखाणणी करतों तो आयुष्यभर रायवळाच्या पायांवर उभा असतो, ही गोष्ट मात्र फळ खातांना कोणाच्या मनांत येत नाहीं.

पुढें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें कोयीच्या कोंवळ्या रोपावरच काडी बसविण्याची ‘कोय कलमा’ची रीत प्रचारांत आणली. तिनें काम फार सोपें झालें. १९९० पासून रोजगार हमी योजनेशीं जोडलेली फळबाग लागवड सुरू झाली आणि कोंकणांतल्या डोंगरउतारांवर हापुसाच्या रांगा उभ्या राहिल्या. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर ह्या जिल्ह्यांच्या हापुसाला भौगोलिक निर्देशनाचा कायदेशीर मान मिळाला. ह्याच काळांत लांकडासाठीं, खोक्यांच्या फळ्यांसाठीं आणि रुंद होणाऱ्या रस्त्यांसाठीं जुने रायवळ तुटत गेले. एक कलम कमी झालें तर तसेंच दुसरें बांधतां येतें. एक रायवळ तोडला तर तो आंबा जगांतून गेला.

ह्यांत कोणती जोखीम आहे हें दुसऱ्या देशांच्या अनुभवावरून समजतें. बटाटा आपण डोळ्यांनीं लावतों. म्हणजे तोहि एक प्रकारचें कलमच. आयर्लंडमधले गरीब कुणबी एकोणिसाव्या शतकांत मुख्यतः ‘लंपर’ ह्या एकाच जातीवर जगत होते, आणि लंपरचीं सारीं झाडें म्हणजे एकच झाड. १८४५ सालीं बटाट्यावर करपा आला. ज्या रोगाला एक झाड बळी पडलें त्याला सगळींच पडलीं. पुढल्या कांहीं वर्षांत सुमारें दहा लाख माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, आणि तितकींच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेलीं. ह्या अनर्थांत जमीनदारीचा व इंग्रज सरकारच्या धोरणाचा वांटा मोठा होता. पण करप्याचें काम सोपें केलें तें शेतांतल्या एकसारखेपणानें.

उसाची गोष्ट इतकी दुःखद नाहीं व अधिक शिकविणारी आहे. ऊस आपण टिपऱ्यांनीं लावतों. अर्थशास्त्राच्या काळींहि तसाच लावीत. उसाला तुरा येतो हें सर्वांस ठाऊक होतें, पण त्यांत रुजणारें बीं असतें ही गोष्ट इतकी विसरली गेली होती कीं, ऊस वांझ आहे अशीच समजूत झाली. १८८० नंतर जाव्हांतल्या उसावर ‘सेरेह’ नांवाचा रोग आला व बेणें बदलूनहि हटेना, तेव्हां लोकांचें लक्ष तुऱ्याकडे गेलें. १८८७-८८ च्या सुमारास जाव्हांत व बार्बेडोस बेटांत बियांपासून उसाचीं रोपें उगविण्यांत यश आलें. आपल्याकडे कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊस संशोधन केंद्र निघालें. तेथें बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनीं मळ्यांतल्या जाड उसाचा संकर एका रानटी गवताशीं घडवून आणला. हें गवत म्हणजे संस्कृत कवींच्या शरद्वर्णनांत ज्याच्या पांढऱ्या तुऱ्यांनीं नदीकांठ झांकतात तो काश. त्या संकरांतून १९१८ सालीं ‘को २०५’ हा ऊस बाहेर पडला. महाराष्ट्रांत पुढें ज्याचें नांव प्रत्येक बागायतदाराच्या तोंडीं बसलें तो ‘को ७४०’ त्याच केंद्रांतला. हजारों वर्षें टिपऱ्यांवर चाललेल्या पिकाला एकदां बियाकडे परत जावें लागलें. आणि नवी जात हातीं आल्यावर ती पुन्हां टिपऱ्यांनींच लावतात.

हापुसावर आयर्लंडसारखा प्रसंग आलेला नाहीं. पण त्याला एक दोष आहे व तो घरोघरीं माहीत आहे. आंबा बाहेरून सुरेख, केशरी, वासाचा. कापावा तों आंतला गर पांढरट, भुसभुशीत व आंबूस. ह्याला बागायतदार ‘साका’ म्हणतात. मूळ झाडांत ही उणीव होती म्हणून ती प्रत्येक हापुसांत आहे. पिढ्यान्‌पिढ्यांत एखादा डोळा किंचित् बदलतो, नाहीं असें नाहीं. परंतु कितीहि काळजीनें कलम बांधलें तरी साका त्याबरोबर येतोच. तापलेल्या जमिनीची झळ फळाला लागून साका होतो, असें पुष्कळ वर्षें मानीत असत. झाडाखालीं गवत पसरलें व फळ पुरतें पिकण्यापूर्वीं उतरविलें म्हणजे साका कमी होतो, असा अनुभवहि आहे. २००४ ते २००६ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेंतल्या संशोधकांनीं आणखी आंत पाहिलें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें साक्याचें मूळ कोयींत आहे. फळ झाडावर असतांनाच आंतलें बीं रुजण्याची तयारी करूं लागतें, आणि त्यासाठीं लागणारें सत्त्व भोंवतालच्या गरांतून ओढून घेतें.

साक्यावर जो उपाय निघाला तोहि कोयींतूनच. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रांत दक्षिणेकडील नीलम आंब्याच्या मोहोरावर हापुसाचे पराग घालून फळें धरविलीं, त्यांच्या कोयी पेरल्या, आणि आलेल्या झाडांतून एक निवडून १९८१ सालीं ‘रत्ना’ ह्या नांवानें तें प्रसिद्ध केलें. रत्नाच्या फळांत साका होत नाहीं. पुढें रत्नाचा पुन्हां हापुसाशीं संकर करून १९९२ त ‘सिंधू’ निघाला. त्याची कोय तर अगदीं पातळ आहे. बाजारांत ह्या दोहोंस अजून हापुसाचा मान नाहीं, कारण जिभेची संवय बदलण्यास कृषि विद्यापीठाहून मोठी सत्ता लागते. रत्नाची कोय पेरली तर रत्ना येत नाहीं. तिचींहि कलमेंच बांधावीं लागतात, आणि त्यांसाठीं दरवर्षीं पावसाच्या तोंडाशीं गांवोगांव फिरून रायवळाच्या ताज्या कोयी गोळा कराव्या लागतात.